डाव्या टोकाची दांडी

फिलू, बोरिवलीच्या प्रयोगाला दिवा गेलाच नाही.

आपला शेवटचा दिवा. खाटेवरचा. मनोहरने सुनेच्या हातात घराच्या चाव्या दिल्या, सून गेली, दार लागलं. मी बोर्डावरचं गो बटण दाबलं. घरातले बाकीचे दिवे तू बांधून ठेवलेत तसे एकेक करून गेले आणि खाटेवरचा तेवढा राहिला. इथपर्यंत बरोबर. मग मी माझ्या दांडीवर हात ठेवला, लाल पट्टीवाल्या, आणि मनोहरकडे बघत हळूहळू खाली ओढायला लागलो. अकरा वर्षं ओढतोय तशीच. दांडी अर्ध्यावर आली, दिवा तसाच. दांडी तळाला टेकली, दिवा तसाच. भर दुपारसारखा.

मनोहर त्या उजेडात बसून राहिला. त्याचं जे काय करायचं असतं ते सगळं करून झालं होतं. आता त्याने करायचं काय? मी दांडी वर नेली, परत खाली आणली. पब्लिक खोकायला लागलं. कोणीतरी टाळी वाजवली, दोघातिघांनी साथ दिली, मग अजून उजेड आहे म्हणून तेही थांबले. शेवटी मी सगळ्या दिव्यांचा मास्टर धरला आणि खाली खेचला. भप्पकन अंधार. पहिल्या रांगेतली एक बाई "अगंबाई" म्हणाली ते मला वर केबिनमध्ये ऐकू आलं.

मनोहर मेकअप न काढता वर आला. "भिकू, घराचं मीटर काढून नेलंस काय रे?"

मी म्हटलं, मशीन बिघडलंय.

"फिलू असताना कधी नाही बिघडलं ते."

तू जाऊन तेवीस दिवस झाले होते आणि तुझ्याशिवायचा तो पहिला प्रयोग. मी त्याला काहीही बोललो असतो. पण माझं लक्ष लाल पट्टीवर होतं. सामान न्यायला दिव्यांच्या गोडाऊनचा इम्तियाज वर आला तेव्हा काय ते कळलं. ते सांगतो. पण आधी मला तुझ्याशी भांडायचंय, आणि भांडण नीट करायचं तर पहिल्यापासून करायला पाहिजे.

तू पहिल्यांदा आलीस ती चपला काढून. मी डिमरला झेंडूचा हार घातला होता, तो बघून तुला वाटलं असेल इथे चपला चालत नाहीत. केबिनची लादी बर्फासारखी, त्यावर तीन तास अनवाणी उभी राहिलीस. मी बघत होतो. चपला घाल असं सांगितलं नाही. मला राग आलेला. दिवे भाड्याने देणाऱ्या अंधेरीच्या गोडाऊनने नवा बोर्ड आणलेला, त्यावरचं सगळं इंग्रजी. त्यांच्याकडे इंग्रजी वाचणारं माणूस एकच, ऑफिसात पत्रं टाइप करणारी मढची बाई. आणि मी तिच्या शेजारी बसायचं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, ते मी कधी लपवलं नाही. पण उजेड मला कोणी शिकवायचा नाही. जुन्या डिमरवर मी दोन दांड्या दोन हातांनी ओढायचो, तिसरी गुडघ्याने, वेळ आली तर चौथी हनुवटीने.

तू विचारलंस, "दादा, पाचवा दिवा असला तर?"

"पाचवा दिवा लागतोच कशाला?"

तू हसली नाहीस. बोर्डावर बोट ठेवून म्हणालीस, "ह्याला लागतात अठ्ठेचाळीस."

मग आपलं काम कसं जमलं कोण जाणे. जमलं खरं. सकाळी रिकाम्या थिएटरात मी स्टेजवर जाऊन पात्रांच्या जागी उभा राहायचो आणि वरती ओरडायचो. खिडकीतला वर घे. अजून. बस. आता चहाचा कोपरा. एवढा नको गं, चहा आहे, लग्न नाही. तू वरून सांगायचीस, "पंचेचाळीस." मी म्हणायचो, मला आकडा नको सांगू, माझा चेहरा दिसतो का ते सांग. "दिसतो रे, काय बघण्यासारखा नाय." आणि मशीनमध्ये नोंद व्हायची. मी बोलायचो, तू लिहायचीस. दुसऱ्या दिवशी एक बटण दाबलं की माझी अख्खी सकाळ परत स्टेजवर यायची, जशीच्या तशी. मला ते आवडायचं. तुला सांगितलं नाही कधी.

आणि तू प्रत्येक क्यूला, म्हणजे दिवे बदलायच्या प्रत्येक जागेला, नाव द्यायचीस. बाकीचे लोक बावीस, तेवीस, चोवीस असं चालवतात. आपल्या नाटकात बावीस म्हणजे "सासरा जागा झाला". एकतीस म्हणजे "दूध उतू गेलं". चाळीस म्हणजे "सून खोटं बोलते", कारण तालमीत मी सहज म्हटलं होतं की इथे उजेड जरा उतरलेला पाहिजे. मशीनमध्ये तू ते इंग्रजी अक्षरांत घालायचीस आणि माझ्यासाठी कागदाच्या पट्टीवर मराठीत, तुझ्या त्या गोल अक्षरात. कोणी विचारलं हे काय, तर सांगायचीस, "नुसता आकडा बोलला की दादाला राग येतो."

नऊ वर्षांनी हे नाटक आलं, आणि त्यातली दुसऱ्या अंकातली ती संध्याकाळ. बायको गेलेला म्हातारा एकटा पेपर वाचत बसलाय आणि खिडकीत दिवस मावळतोय. तू म्हणालीस नऊ मिनिटं लावू. मी म्हटलं, नऊ मिनिटं दिवस मावळतोय हे कोण बघणार, लोक झोपतील. तू दोन दिवस बसून अकरा क्यू बांधलेस, एक संपला की दुसरा आपोआप सुटेल असे, सगळे मिळून एका बटणावर. पिवळा आधी जाणार, मग भिंतीवरचा, मग निळा येणार पण पिवळा जायच्या आधी थोडा, म्हणजे मध्ये भोक पडायला नको. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो, चूक काढायची म्हणून. चूक काय, काहीच होत नव्हतं. मनोहर पेपर वाचतोय. आणि एकाएकी माझ्या मनात आलं, आता उठून दिवा लावायला पाहिजे. घरी येतं तसं. तेव्हा बघितलं तर स्टेजवर संध्याकाळ झालेली.

तू वरून विचारलंस, "कसं वाटलं दादा?"

मी म्हटलं, "चालेल."

"चालेल म्हणजे कसं रे? धडधाकट का लंगडत?"

मी बाहेर विडी ओढायला गेलो.

मग शेवटच्या दिव्यावरून आपलं जे काय वाजलं ते सगळ्या ग्रुपने बघितलं. तीन दिवस. माझं म्हणणं एवढंच, की मनोहर रोज वेगळा बसतो. कधी त्याची पाठ धरलेली असते, कधी पब्लिक कमी म्हणून खट्टू असतो, कधी खरंच काहीतरी आठवतं त्याला. तो कसा बसलाय ते बघून दिवा उतरवायचा. मशीनला काय कळणार? आणि तू म्हणालीस, "आणि तुझा हात रोज वेगळा, त्याचं काय? तुझं डोकं दुखणार आणि पब्लिकने भोगायचं? मशीनला डोकंच नाय, दुखणार कुठून?" सगळे हसले. मी जेवायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तू लाल चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडलास, उजवीकडच्या एका दांडीवर लावलास आणि बोर्ड माझ्याकडे सरकवलास.

"घे. बासष्ट क्यू मशीनचे, त्रेसष्टावा तुझा. आता दोन घास खा."

त्या दिवसापासून तू डावीकडच्या स्टुलावर, गो बटणापाशी, आणि मी उजवीकडच्या, लाल पट्टीपाशी. माझी एकच अट होती, आणि ती मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आलो. दिवा उतरवताना बोर्डाकडे बघायचं नाही. हाताला हाताचं काम करू द्यायचं, डोळे पात्रावर. तुला स्क्रीनकडे बघायची खोड होती म्हणून किती बोललोय तुला.

सहा वर्षांपूर्वी घाटकोपरला तो दिवा थरथरला. आठवतं ना? उतरता उतरता लकलक करायला लागला, बल्ब जायला आलाय असा. मनोहर वर येऊन म्हणाला, "वायर लूज आहे काय रे?" मी म्हटलं, व्होल्टेज. माझा उजवा हात मांडीवर होता, मी त्याच्यावर डावा ठेवला होता. तू तिकडे एकदा बघितलंस आणि मनोहरला म्हणालीस, "हां, आज दिवसभर व्होल्टेजचं लफडंच चालू हाय."

पुढचा प्रयोग मुलुंडला. दिवा असा उतरला, लोण्यातून सुरी जावी तसा. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, मी म्हटलं होतं ना, व्होल्टेज. तू म्हणालीस, "हां दादा."

सहा वर्षं, फिलू. घरी मला चहाचा ग्लास दोन हातांनी धरायला लागतो. माझी सून विचारते तर मी सांगतो गरम आहे. शर्टाची बटणं नको म्हणून टी-शर्ट घालतो. पण प्रयोगाला माझा हात ठीक चालतो असं मी स्वतःला सांगत होतो. तिथे तो थरथरत असेल, असेलच, मला जाणवायचंसुद्धा. पण डोळे मनोहरवर, आणि मनोहरवरचा उजेड असा साफ उतरतोय. मी म्हणायचो, अजून आहे बघ हातात काहीतरी.

आणि तू शेजारी बसून दर वेळी त्या शेवटच्या दिव्याला नमो मारिया पुटपुटायचीस. मी चिडवायचो, "मनोहर मरत नाही गं, नुसता बसलाय."

"तू तुझं ओढ रे. मी माझं करते."

आता ते शेवटचं भांडण. तुझा शेवटचा प्रयोग, तोही मुलुंडचाच, झाला, आपण बाहेर टपरीवर चहा घेत होतो. तू टपरीवाल्याला सांगून माझा ग्लास अर्धाच भरायला लावायचीस, म्हणायचीस दादाला साखर जास्त नको, दोनदा अर्धा अर्धा दे. त्यात साखर कशी कमी होते ते मी कधी विचारलं नाही. तर तू म्हणालीस, "दादा, एक विचारू? चिडू नको. शेवटी तो दिवा जाता जाता मनोहर काय करतो? झोपतो काय खाटेवर?"

माझं टाळकं सरकलं. अकरा वर्षं माझ्या मांडीला मांडी लावून नाटक चालवतेस आणि शेवट माहीत नाही? डोळे मिटून जप करत बसतेस म्हणून. पात्राकडे बघ, पात्राकडे बघ, घसा सुकला माझा सांगून सांगून. टपरीवाला पण बघायला लागला. तू म्हणालीस, "बरं, जाव दे. चहा पी."

सांगितलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. नाही सांगितलं. म्हटलं, पुढच्या प्रयोगाला डोळे उघडे ठेव, दिसेल. रिक्षातून उतरताना तू "येते रे दादा" म्हणालीस आणि मी मान फिरवली नाही. अकरा दिवसांनी सकाळी रिटाचा फोन. तुझ्या बहिणीला एवढंच बोलता येत होतं, की चहा ठेवला होता, तो उकळून गेला आणि फिलू खुर्चीतून उठली नाही.

तर बोरिवली. इम्तियाज वर आला तेव्हा मी त्याच्यावरच घसरलो. कसला भंगार बोर्ड दिलास, शेवटची दांडी मेलेली. त्याने लाल पट्टीवाली दांडी वर केली, खाली केली. स्क्रीनवर दोन बटणं दाबून बघितलं.

"चाचा, ये दांडी तो खाली है. ह्याच्यावर काहीच जोडलेलं नाही."

"अकरा वर्षं ओढतोय मी ती."

"पहिली पाच वर्षं होता दिवा हिच्यावर. मग फिलूबाईने काढला ना. इथे टाकला." त्याने डाव्या टोकाची दांडी दाखवली, तुझ्या स्टुलाकडची. टेबलाच्या कडेला, बोर्डाच्या आडोशाला असते ती. ती त्याने हळू खाली ओढली आणि समोर रिकाम्या खाटेवरचा दिवा हळू हळू उतरत गेला. "मला वाटलं तुम्हाला मालूम आहे. तुम्ही दोघं बोलूनच केलं असेल."

मी म्हटलं, हो, मालूम होतं, विसरलो.

घरी येऊन जेवलो नाही. सहा वर्षं मी नुसती हवा ओढत होतो. पोरांना गाडीत पुढे बसवून खोटं स्टिअरिंग हातात देतात ना, तसं. आणि खरी गाडी तू चालवत होतीस, माझ्या शेजारी बसून, हां दादा, हां दादा करत. तोंडावर सांगायचंस ना. भिकूदादा, तुझा हात गेला, आता ऊठ. मी काय खाल्लं असतं तुला? खाल्लं असतं, ते मला माहीत आहे. तुलाही माहीत होतं. पण म्हणून अशी फसवणूक? चार दिवस मी तुझ्याशी मनात भांडलो आणि तू उत्तर देत नव्हतीस याचा राग वेगळा. तुझ्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, जायचं नाही असं ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी वर्सोव्याला जाऊन फेरीबोटीत बसलो. कशाला ते विचारू नको. कांदिवलीच्या माझ्या घरून मढला जायला दुसरा रस्ता आहे, पण तू नेहमी बोटीने यायचीस म्हणून बोटीने गेलो. रिटाशी काय बोलायचं ते पाठ करत होतो. तुझ्या बहिणीने मला अकरा वर्षांच्या नाटकात बाहुला करून ठेवला, असं.

रिटा अंगणात दोरीवर बोंबील लावत होती. "ये भिकूदादा. बस. हात मासळीचे हायत, चहा तूच गाळ." मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "र्‍हाव दे, मीच गाळते." तिनेही अर्धाच कप दिला. तुम्ही बहिणी घरी काय काय बोलायचात कोण जाणे.

मी विचारलं, फिलूने तुला काही सांगितलं होतं का, नाटकातलं?

"नाटकातलं काय सांगेल? येडी होती ती." रिटाने तुमच्या खिडकीपाशीचं टेबल दाखवलं. "रोज तिन्हीसांजेला हितं बसायची. आगपेटी घ्यायची आणि टेबलाच्या काठाने अशी सरकवायची. हळू, हळू. नमो मारिया बोलत. परत वर न्यायची, परत सरकवायची. मी इचारलं, काय गो, डोकं फिरलं काय? तर बोलली, दादाचा हात शिकते."

मी विचारलं, म्हणजे काय?

"बोलली, तो मध्ये एकदा थांबतो. कुठं थांबतो ते मना अजून नीट जमत नाय. किती दिवस चाललं होतं हे. मग जमलं असेल. तरी रोज करायचीच."

कप मी खाली ठेवला. रिटा आपल्याच नादात बोलत होती. "आणि मना एकदा तिकीट देऊन नाटकाला धाडलंन. बोलली, शेवटी तो म्हातारा खाटेवर काय करतो ते बघून ये आणि मना सांग. मी गेले. एसीत अशी झोप लागली, टाळ्या पडल्या तेव्हा उठले. मी बोलले, तूच बघ ना गो, तू तर तिथंच असतेस. तर बोलली, मना कुठं दिसतंय. माझे डोळे दादाच्या हातावर असतात."

मी हसलो, रिटा झोपली म्हणून. मग मला हसता येईना.

पात्राकडे बघ असं मी तुला वीस वर्षं ओरडत आलो. तू बघितलं नाहीस. माझा हात कसा उतरतोय, कुठे थांबतोय, ते बघत तू डाव्या हाताने तसाच दिवा उतरवत राहिलीस, फक्त थरथर तेवढी गाळून. आणि मी? मी माझाच नियम पाळत मनोहरकडे बघत बसलो. एकदा जरी खाली बोर्डाकडे मान वळवली असती तर तुझा हात दिसला असता. मशीनचं खरं आहे असं तीन दिवस भांडलेली तू, आणि सहा वर्षं तो दिवा हाताने उतरवलास. एवढं करून तू टपरीवर मला विचारलंस, तो शेवटी काय करतो. आणि मी तुला ते सांगितलं नाही.

येताना देवळाकडून, म्हणजे तुमच्या चर्चकडून आलो. तुझ्यावरची माती अजून बसलेली नाही. मी चपला काढून उभा राहिलो. ऊन होतं, पाय भाजत होते. तुझ्या त्या थंड लादीपेक्षा काही जास्त नाही. तिथेच तुला सांगून टाकावं असं आलं मनात, मनोहर काय करतो ते. पण मग म्हटलं, बोरिवलीला मीच माती केली शेवटाची. आधी शेवट नीट करतो, मग सांगतो.

परवाच्या रविवारी मुलुंडला दुपारचा प्रयोग होता. मी सकाळीच जाऊन बसलो. इम्तियाज म्हणाला, "चाचा, शेवटच्याला टाइम टाकून देतो, मशीनच उतरवेल. दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं थांब. आधी मी तुझी डाव्या टोकाची दांडी माझ्या हाताने ओढून बघितली. समोर खाट रिकामी. दिवा असा नाचला खाटेवर की इम्तियाज मोबाइल काढून त्यात बघायला लागला. डाव्या हाताने ओढून बघितलं. तेच. व्होल्टेज अगदी ठीक होतं.

मग मी विचारलं, "रेकॉर्डचं बटण कुठलं?"

वीस वर्षांत मी ते दाबलेलं नव्हतं. ते तुझं होतं.

"किती सेकंद घालू?" इम्तियाजने विचारलं. ते मला कुठे ठाऊक. मी म्हटलं, तू घड्याळ लाव. मी माझ्या स्टुलावर बसलो, लाल पट्टीवाली मेलेली दांडी धरली, आणि खाटेवर मनोहर बसलाय असं समजून खाली ओढली. तो हे करतो, आता ते करतो, इथे थांबतो, आता परत. तीनदा ओढली.

"एकतीस. एकतीस. बत्तीस." इम्तियाज हसला. "चाचा, तुम्ही पण मशीनच की."

तू असतीस तर सात दिवस पुरवला असतास हा विनोद. मी त्याला गप बस म्हटलं. पण खरं आहे ते. रोज वेगळा, रोज वेगळा करत होतो, आणि हात तोच होता. तू शिकू शकलीस ते उगाच नाही.

नुसते एकतीस सेकंद चालले नसते, मध्ये थांबायला पाहिजे. म्हणून तू संध्याकाळ बांधलीस तसा मी तो दिवा बांधला, तीन क्यू, एक संपला की दुसरा सुटणारा. अर्ध्यापर्यंत बारा. मग काही न करता पाच. मग चौदा, आणि अगदी तळाशी सावकाश. इम्तियाज बटणं सांगत होता, दाबत मी होतो. दोनदा चुकीचं दाबून "सून खोटं बोलते" पुसता पुसता राहिलं. शेवटी त्याने विचारलं, "नाव काय टाकू?"

"फिलू बघते," मी म्हटलं.

त्याने टाइप केलं. पट्टीवर मी माझ्या अक्षरात लिहिलं. तुझ्यासारखं गोल नाही आलं. वाचता येतं.

प्रयोगाला इम्तियाज म्हणाला, "चाचा, मध्ये बसा ना, गो हाताशी येईल." मी म्हटलं, राहू दे, हात पोचतो. मी उजवीकडच्या स्टुलावर बसलो. दर क्यूला वाकायला लागत होतं, कंबर धरली. धरू दे. दुसऱ्या अंकात तुझी नऊ मिनिटांची संध्याकाळ आली तेव्हा मी हात मांडीवर ठेवून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. चांगली आहे गं ती. फार चांगली आहे. हे मला अकरा वर्षांपूर्वी म्हणायचं होतं.

मग सून गेली, दार लागलं. मी वाकून गो दाबलं आणि हात परत घेतला. आता दोन्ही हातांना काही काम नव्हतं. एक थरथरत होता, दुसऱ्याने त्याला धरलं होतं, आणि मी एकदा, मुद्दाम, बोर्डाकडे बघितलं. डाव्या टोकाची दांडी वर होती तशीच उभी होती. मग परत मनोहरकडे बघितलं. तुझ्या वाटचं पण.

तर ऐक. झोपत नाही तो. सून गेल्यावर आधी बराच वेळ दाराकडे बघतो. मग चष्मा काढतो, घडी घालतो, उशीखाली ठेवतो. इथे दिवा अर्ध्यावर येतो आणि थांबतो, तुला जो थांबा जमत नव्हता तो. मनोहर तेवढ्यात चादर हाताने साफ करतो. अख्खी नाही, त्याच्या बाजूची तेवढी. मग दिवा परत उतरायला लागतो. पब्लिकला वाटतं झालं आता, काही जण पायाने चपला शोधायला लागतात. आणि अगदी शेवटी, मनोहरचा नुसता आकार उरतो तेव्हा, तो उठल्यासारखं करतो. पण उठत नाही. सरकतो. बसल्या बसल्या भिंतीकडे सरकतो आणि शेजारी एका माणसापुरती जागा करतो.

मग काही दिसत नाही.